ललिता पवार : पडद्यावरची खाष्ट, पडद्यामागची एकटी

अमरावतीहून यवतमाळकडे निघाले, की वाटेत आमचे नांदगाव खंडेश्वर लागते. खंडेश्वराच्या हेमाडपंती मंदिरामुळे गावाला हे नाव मिळाले. कापूस आणि तूर यांच्या भावावर गावाचे सुखदुःख ठरत असे, आणि सिनेमा हा त्या सुखातला एक लहानसा भाग होता. वऱ्हाडातील चित्रपट वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीत होत्या. सी. पी. बेरार सर्किटच्या रिळांच्या पेट्या तिथून निघत. पण शहरातील थिएटरांतून फिरून फिरून त्या झिजल्या, की मगच टुरिंग टॉकीजच्या तंबूला लाभत. तंबूत मधोमध कनात असे. एकीकडे पुरुष, दुसरीकडे बायका. नायिका रडू लागली की बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागत आणि ललिता पवार पडद्यावर आली, की कडाकड बोटे मोडल्याचा आवाज येई. लहानपणी मला वाटे, हा आवाज सिनेमाच्याच पार्श्वसंगीताचा भाग आहे.

आमच्या गल्लीत एक विधवा बाई एकटीच राहत असे. मूलबाळ नाही, दिराशी बोलचाल नाही. मोठी माणसे तिला मोठमाय म्हणत आणि आम्ही पोरे तिच्या माघारी ललिता पवार म्हणत असू. तिने आमचे काही वाईट केले नव्हते. तिच्या अंगणात गेलेला चेंडू ती परत देत नसे, एवढाच तिचा अपराध. पण एकटी, कठोर चेहऱ्याची, वय झालेली बाई दिसली की तिला द्यायला आमच्याजवळ एकच नाव होते. वऱ्हाडातल्या कितीतरी गल्ल्यांत हे नाव असे विशेषनामाचे सामान्यनाम होऊन वावरले. ज्या स्त्रीचे ते नाव होते, तिचे मूळ नाव मात्र ललिताही नव्हते आणि पवारही नव्हते.

नाशिक जिल्ह्यातील येवला हे पैठणीचे गाव. तिथे १८ एप्रिल १९१६ रोजी अंबा लक्ष्मण सगुण या मुलीचा जन्म झाला. वडील लक्ष्मणराव रेशीम आणि कापडाचे मोठे व्यापारी. अशा घरची मुलगी त्या काळात सिनेमात जाणे म्हणजे घराण्याच्या नावाला बट्टा. दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली राजा हरिश्चंद्राच्या तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडे नेसवावे लागले होते. त्या गोष्टीला अजून पुरती दोन तपेही झाली नव्हती. तरीही ही मुलगी नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास मूकपटांत बालनटी म्हणून उभी राहिली आणि पुढे नायिका झाली. १९३२ च्या ‘कैलास’ या मूकपटाची ती नायिका होती आणि सहनिर्मातीही. बोलपट आल्यावर तिने स्वतःच्या गळ्याने गाणी म्हटली. १९३५ चा ‘हिम्मत-ए-मर्दां’ त्यामुळेही गाजला. ‘दुनिया क्या है’ हा टॉलस्टॉयच्या कादंबरीवर आधारलेला चित्रपट तिने पुन्हा स्वतःच्या हिमतीवर काढला. पुरुषाने फसवलेली आणि समाजाने टाकलेली स्त्री, असा त्याचा विषय. विशीतल्या मुलीने पैसे घालून असा विषय निवडावा, हे आजही लक्षात घेण्याजोगे आहे. तिच्या साहसपटांतील धीट पोशाखाच्या छायाचित्रांची त्या काळी चर्चा झाली. पुढे आयुष्यभर डोक्यावर पदर घेऊन सुनांना छळणारी बाई ती हीच, यावर नव्या प्रेक्षकाचा विश्वास बसत नाही.

दिग्दर्शक ग. प. पवार यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ललिता पवार हे नाव कायमचे चिकटले. संसार मात्र टिकला नाही. विश्वासघाताने मोडलेल्या त्या घराविषयी त्या काळच्या सिनेमासृष्टीत पुष्कळ बोलले गेले. ते सारे इथे उगाळण्याचे कारण नाही. एवढेच म्हणावे, की नवरा गेला तरी आडनाव राहिले आणि पुढची साठ वर्षे पडद्यावर तेच छापून येत राहिले. पुढे चित्रपटनिर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी त्यांनी दुसरा संसार थाटला.

आता १९४२ सालाकडे येऊ. ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. प्रसंग साधा होता. मास्टर भगवान यांनी नायिकेला थोबाडीत मारायची होती. मारण्याचा अभिनय करताना हात खरोखरच जोरात बसला. डाव्या डोळ्याजवळची शीर फुटली आणि चेहऱ्याच्या त्या बाजूवरून वारे गेल्यासारखे झाले. तीन वर्षे उपचार चालले. चेहरा बराचसा सावरला. पण डावा डोळा बारीक झाला तो झालाच. तेव्हा ललिताबाईंचे वय सव्वीस होते.

हा अपघात होता, त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. पण अपघातानंतर दोघांच्या वाट्याला काय आले, ते पाहिले की व्यवसायाचा हिशेब कळतो. भगवानदादा पुढे नऊ वर्षांनी ‘अलबेला’चे नायक झाले, दिग्दर्शक झाले, त्यांच्या नाचाने सारा देश डोलला. (अखेरचे दिवस त्यांनीही हलाखीत काढले, हे सांगितलेच पाहिजे.) ललिताबाईंना मात्र नायिकेचे दार बंद झाले. चित्रपटातल्या पुरुषाचे भांडवल त्याचा अभिनय, आवाज, नाव, रुबाब असे अनेक ठिकाणी वाटलेले असते. बाईचे सगळे भांडवल चेहऱ्यावर एकवटलेले. तिथे एक शीर फुटली आणि सगळी पुंजी गेली. ‘रामशास्त्री’त, १९४४ साली, प्रभातने त्यांना आनंदीबाईची भूमिका दिली. ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून आपण जिला पिढ्यान्‌पिढ्या दोष देत आलो, ती आनंदीबाई. नायिकेपासून खलनायिकेपर्यंतचा प्रवास असा एका इतिहासातल्या बदनाम स्त्रीच्या बोटाला धरून झाला.

त्यानंतर आला शांतारामबापूंचा ‘दहेज’, १९५० साली. हुंड्यासाठी सुनेचा जीव घेणारी सासू ललिताबाईंनी अशी उभी केली, की पुढे अन्य कोणी सासू केली तरी ती त्यांचीच नक्कल वाटावी. त्या वेळी त्या चौतिशीच्या आत-बाहेर होत्या. अशोककुमार त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठे. पण ते आणखी कित्येक वर्षे नायक राहिले आणि आपल्याहून निम्म्या वयाच्या नायिकांबरोबर बागेत फिरले. असो, ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यावर उपाय अजून सापडायचा आहे.

त्या अधू डोळ्याचे ललिताबाईंनी काय केले, हा खरा प्रश्न. दुसरी एखादी नटी तो लपवण्यासाठी कॅमेऱ्याला उजवी बाजू देत राहिली असती. ललिताबाईंनी डावी बाजू पुढे केली. डोळा आणखी बारीक करायचा, मान किंचित वाकडी, ओठ मुडपलेले आणि शब्द दातांतून गाळून घेतल्यासारखे. ज्या खुणेमुळे व्यवसायाने त्यांना नाकारले होते, तीच खूण त्यांनी त्याच व्यवसायाला दामदुप्पट भावाने विकली.

इथे थोडे जपानकडे वळावे लागेल. कारण बाईचा बिघडलेला चेहरा आणि त्यावरचा तो एक डोळा हे चित्र जपानी मनात दोनशे वर्षे घर करून आहे. १८२५ साली ‘योत्सुया काइदान’ हे काबुकी नाटक रंगमंचावर आले. त्यातील ओइवा ही गरीब सामुराईची पत्नी. नवऱ्याला श्रीमंत घरची दुसरी बायको हवी असते. ओइवाला औषध म्हणून विष दिले जाते. तिचा चेहरा एका डोळ्याभोवती सुजून विद्रूप होतो, केस विंचरताना झुपक्यांनी गळतात आणि ती मरते. नंतर तिचे भूत नवऱ्याचा पिच्छा पुरवते. या नाटकावर जपानमध्ये अनेक चित्रपट निघाले. नोबुओ नाकागावा यांचा १९५९ चा चित्रपट त्यात विशेष मानला जातो. ओइवा जिवंत असताना सोशीक आहे, आज्ञाधारक आहे, आदर्श पत्नी आहे. तिला राग येण्याची मुभा मिळते ती मेल्यावर. आपल्या वऱ्हाडातल्या जखिणी आणि हडळी आठवून पाहा. बाळंतपणात गेलेली, विहिरीत उडी घेतलेली, नवऱ्याने टाकलेली. जिवंतपणी जिचे कोणी ऐकले नाही, तीच रात्री पिंपळावरून हाका मारते.

ललिताबाईंनी १९६४ साली ‘कोहरा’ केला. बिरेन नाग यांचे दिग्दर्शन, हेमंतकुमार यांची निर्मिती आणि संगीत. कथा दाफ्ने द्यू मोरिए यांच्या ‘रिबेका’वर बेतलेली, जिच्यावर हिचकॉकने १९४० साली चित्रपट काढला होता. वहिदा रहमान ही अनाथ मुलगी लग्न होऊन एका प्रचंड हवेलीत येते. हवेलीवर मेलेल्या पहिल्या पत्नीची सत्ता आहे आणि त्या सत्तेची कारभारीण आहे दाईमा, म्हणजे ललिताबाई. भूत दिसत नाही. दिसते ती दाईमा. ती पावले न वाजवता येते, पडद्याआड उभी असते, मेलेल्या मालकिणीच्या वस्तू जपते. भीती वाटते ती तिने काही केले म्हणून नव्हे, ती काहीच करीत नाही म्हणून. पण थोडा वेळ नायिकेचा हात सोडून दाईमाच्या बाजूने हवेलीकडे पाहिले, तर दुसरीच गोष्ट दिसते. या बाईला स्वतःचे घर नाही, नवरा नाही, मूल नाही. जिला तिने हातावर वाढवले ती गेली. आता नवी मालकीण आली, म्हणजे हिची जागा संपली. तिच्या सगळ्या क्रौर्याच्या मुळाशी घराबाहेर काढले जाण्याची धास्ती आहे. हे संवादांत नाही. ललिताबाईंच्या उभे राहण्यात आहे.

योगायोग पाहा. त्याच १९६४ साली जपानमध्ये कानेतो शिंदो यांचा ‘ओनिबाबा’ प्रदर्शित झाला. युद्धाने उजाड झालेल्या मुलखात, माणसाच्या उंचीहून वाढलेल्या गवतात एक सासू आणि तिची सून राहतात. मुलगा लढाईवर गेला आहे. पोटासाठी दोघी वाट चुकलेल्या सैनिकांना मारून त्यांची चिलखते विकतात. मुलगा मेल्याची बातमी येते आणि सून शेजारच्या पुरुषाकडे रात्री जाऊ लागते. सून गेली तर आपण एकट्या उरू आणि एकटीने जगणे अशक्य, हे सासूला कळते. सुनेला भिववण्यासाठी ती राक्षसाचा मुखवटा चढवून गवतात उभी राहते. एका पावसाळी रात्री तो मुखवटा चेहऱ्याला चिकटतो, निघता निघत नाही. फोडून काढला तेव्हा खालचा चेहराही मुखवट्याइतकाच भयंकर झालेला असतो. सासूची ही भूमिका नोबुको ओतोवा यांनी केली, तेव्हा त्या चाळिशीच्या आसपास होत्या. तिकडेही हिशेब इकडचाच!

दाईमा आणि ती गवतातली सासू यांची गाठ कधी पडली नाही. ललिताबाईंनी ‘ओनिबाबा’ पाहिला असेल, असे मानायलाही काही आधार नाही. तरी चिकटलेल्या मुखवट्याची ती गोष्ट वाचताना मला जपान आठवत नाही, येवल्याची अंबा सगुण आठवते. आपल्या चित्रपटाने सासूला दुष्ट म्हणून उभे केले आणि तिच्या पराभवावर टाळ्या घेतल्या. जपानी चित्रपटाने तिला भेसूर केले, पण ती एकटी का आहे, हेही दाखवले. आपल्याकडे ते दाखवायचे काम पटकथेने टाळले आणि नटीने, जमेल तिथे, चोरून केले.

चोरून म्हणण्याचे कारण ‘प्रोफेसर’. १९६२ चा हा विनोदी चित्रपट. शम्मी कपूर नोकरीसाठी म्हाताऱ्या प्रोफेसराचे सोंग घेतो आणि घरातल्या मुलींची करडी, प्रौढ पालक त्याच्या प्रेमात पडते. ही पालक ललिताबाई. आयुष्यभर शिस्तीच्या कवचात राहिलेली बाई हळूहळू नटू लागते, लाजू लागते. थिएटर हसून हसून लोळते. वय उलटलेल्या बाईला प्रेम वाटावे हाच आपल्याकडे विनोदाचा विषय. ललिताबाई मात्र तो विनोदासाठी करीत नाहीत. त्या लाजतात ते खरेखुरे. ‘प्रोफेसर’ पुन्हा पाहाल तेव्हा शम्मीकडे पाहू नका, त्यांच्याकडे पाहा. हसू मध्येच अडकते.

त्याआधी ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये गुरुदत्तने त्यांना घटस्फोटाच्या कायद्याचा पुरस्कार करणारी, पुरुषद्वेष्टी सीतादेवी केले होते. स्त्रियांच्या हक्कांसाठी बोलणारी बाई म्हणजे भाचीच्या संसारात बिब्बा घालणारी बाई, असा त्या चित्रपटाचा सूर. हिंदू विवाह कायदा त्याच १९५५ साली आला. पडद्यावर त्या कायद्याची टिंगल जिच्या तोंडून व्हायची होती, तिने स्वतः मोडलेल्या संसाराची किंमत मोजलेली होती. ही विसंगती तेव्हा कोणाच्या ध्यानात आली असेल, असे वाटत नाही.

चांगल्या भूमिका मिळाल्याच नाहीत, असे नाही. ‘श्री ४२०’मधली केळेवाली, ‘अनाडी’तली मिसेस डिसा. १९५९ च्या ‘अनाडी’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर मिळाले, १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. मिसेस डिसाही एकटीच आहे. राज कपूरवर खेकसते आणि त्याच श्वासात त्याच्या पानात वाढते. हृषीकेश मुखर्जींनी ‘आनंद’मध्ये पुन्हा त्यांना डिसा हेच नाव देऊन मेट्रन केले. डोळा तोच, चेहरा तोच. फक्त दिग्दर्शकाने त्यांना प्रेम करायची परवानगी दिली होती. तरी बोटे मोडली गेली ती ‘दहेज’साठी, ‘सौ दिन सास के’साठी, आणि सर्वांत अधिक मंथरेसाठी. १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये त्या मंथरा झाल्या आणि पुढे पाव शतकाने, १९८७ साली रामानंद सागरांनी दूरदर्शनसाठी पुन्हा त्यांनाच बोलावले. सत्तरी ओलांडलेल्या बाई वाकून, कुबड काढून कैकेयीच्या कानाला लागल्या आणि रविवारी सकाळी साऱ्या देशाने त्यांना शिव्या घातल्या. आमच्या गावात तेव्हा दूरदर्शन संच मोजकेच. एकेका घरात पन्नास-साठ माणसे दाटीवाटीने बसत आणि मंथरा दिसली, की तंबूतला तो ओळखीचा आवाज पुन्हा येई.

मोठमाय त्याही गर्दीत दाराशी बसलेली असे. तिने कधी बोटे मोडल्याचे मला आठवत नाही. मंथरा काळोख्या दालनात एकटी बसून असते, तो प्रसंग ती मान पुढे काढून पाहत होती. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटले नाही. काही वर्षांनी मोठमाय गेली. दोन दिवस दार उघडले नाही, तेव्हा गल्लीच्या ध्यानात आले. आम्ही पोरे तोपर्यंत शिकायला अमरावतीला गेलो होतो. मला ते दिवाळीत गावी आल्यावर कळले आणि मी ऐकून सोडून दिले.

ललिताबाईंनी सातशेच्या आसपास चित्रपट केल्याचे सांगितले जाते. अखेरच्या वर्षांत जबड्याच्या कर्करोगाने त्यांना गाठले. ज्या तोंडातून त्या शब्द गाळून घेत, तेच तोंड दुखू लागले. पुण्यात औंधला त्यांचा बंगला होता. उपचारांसाठी त्या तिथे येऊन राहिल्या. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी त्या गेल्या, तेव्हा घरात त्या एकट्याच होत्या. पतीही आजारपणामुळे इस्पितळात होते. फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही; दार उघडले तेव्हा मृत्यूला दिवस उलटून गेले होते. वय एक्याऐंशी.

अशा मरणाला जपानी भाषेत स्वतंत्र शब्द आहे, कोदोकुशी. एकट्याने मरणे आणि कोणाला न कळणे. तिकडे ही एवढी वारंवार घडणारी गोष्ट झाली आहे, की तिच्यासाठी शब्द घडवावा लागला. आणि याच १९९८ च्या जानेवारीअखेर, म्हणजे ललिताबाई गेल्या त्याच्या महिनाभरही आधी नव्हे, हिदेओ नाकाता यांचा ‘रिंगू’ टोकियोच्या थिएटरांत लागला होता. त्यातली सादाको ही विहिरीत ढकललेली, कोणाला नको असलेली मुलगी दूरचित्रवाणीच्या पडद्यातून सरपटत बाहेर येते. केसांआडून तिचा फक्त एक डोळा दिसतो आणि त्या एका डोळ्याने सारे जग घाबरले.

आमच्या नांदगावला टुरिंग टॉकीज येणे कधीच थांबले. तंबू लागत असे त्या जागी आता दुकाने आहेत. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतले. रस्ते ओस, माणसे आपापल्या घरात कोंडलेली, शेजारच्याकडे जायलाही मनाई. माझी नात तेव्हा सहा वर्षांची. मंथरा पडद्यावर आली, तशी तिने विचारले, या आजीचा डोळा असा का आहे? मी तिला भगवानदादांच्या हाताची गोष्ट सांगू लागलो. ती ऐकत होती आणि मंथरा बोलत होती. आवाज थोडा कमी करायला मी रिमोट शोधला, तो काही सापडला नाही.